डाल्याखालची झोप

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुणावर का ओरडले, याचा खुलासा देत बसायला नको. आता वयानं जरा निवळले आहे. तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, वयाची वीस वर्षं पुरी नव्हती, आणि सासर संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, गावाबाहेरच्या मळ्यात. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. घरात माणसं मोजून चार. मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासू, आमचे हे, आणि मी. मळ्यात वांगी, मेथी, मिरची, कांदा. विहिरीवर मोट. आणि डोंगरातून उतरून रोपं उकरणारी रानडुकरं.

त्या डुकरांपायीच कुत्रं पाहिजे होतं. एकदा जेवता जेवता मामाजी म्हणाले, "एखांदं कुत्रं असतं त बरं झालं असतं." मामाजी दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातलं हे एक. मी ते मनात धरून ठेवलं. दिवाळीला मलकापूरला माहेरी गेले, तर शेजारच्या किराणा दुकानाच्या फळीखाली कुत्री व्यालेली. पाच पिल्लं. चार गपगार पडलेली, आणि पाचवं आईच्या शेपटीला दातांनी लोंबकळत होतं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. मी म्हटलं, हेच न्यायचं.

"शांत पाहून घे वं एखांदं," आई म्हणाली.

मी ऐकते थोडीच! राखणीला शांत कुत्रं काय कामाचं, असं वर तोंड करून सांगितलं तिला.

एसटीत त्याला कापडी पिशवीत घालून मांडीवर घेतलं. कंडक्टरनं विचारलं, "बाई, पिशवीत काय हाय?" मी ठोकून दिलं, वांगी. पिशवी इकडून तिकडे हलायला लागली. तो गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, तुमचे वांगे कुईकुई करून राह्यले." सगळी गाडी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या भल्या माणसानं उतरवलं नाही, आणि पुढच्या थांब्यावर पिल्लाला पाणी पाजायला गाडी दोन मिनिटं जास्त उभी केली. देव त्याचं भलं करो.

पहिला आठवडा कौतुकात गेला. मग खरं स्वरूप दिसायला लागलं.

बापा! काय त्या जिवात भरलं होतं कोण जाणे. पायाला भिंगरी म्हणतात ती चौघांच्या पायाला मिळून नसेल तेवढी त्याच्या एकट्याच्या पायाला. वाळत घातलेलं लुगडं ओढून चिखलात. सुंभाच्या बाजेची पायथ्याची दावण कुरतडून बाज खाली. आत्याबाईंनी वाळवणाला घातलेल्या मिरच्या त्यानं खाल्ल्या आणि मग स्वतःच बोंब मारत अंगणभर पळाला, तेव्हा तर मी हसून हसून खाली बसले, आणि आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मिरच्या मीच खाल्ल्या होत्या. त्याचं नाव ठेवायला कुणाला फुरसत नव्हती. जो तो "काऊन बे!", म्हणजे का रे, असं ओरडायचा, त्यामुळे तसं म्हटलं की तो शेपूट हलवत यायचा.

सगळ्यात वाईट वेळ दिवेलागणीची. मी सांजवात लावायला वाकले की त्याच्या अंगात यायचं. डोळे तारवटलेले, कान मागे, आणि अंगणात गोल गोल धावत सुटायचा. मग माझा पदर, माझे घोटे, हाताची बोटं, जे सापडेल ते दातात. दात म्हणजे नुसते काटे. मी ओरडायचे, तो भुंकायचा. मी अजून ओरडायचे, तो अजून उड्या मारायचा. शेवटी आत्याबाई आतून म्हणायच्या, "कुत्र्याचं शेपूट नयीत घातलं तरी वाकडंच." हे त्याला होतं की मला, ते त्यांनाच माहीत.

आमच्या ह्यांनी यावर अक्कल काढली. म्हणाले, "याच्या अंगात लय जोर हाय. जिरवला पायजे. दमला का निजन." हिशोब सरळ वाटला. बैल मस्तीला आला की त्याला नांगराला धरतात, तसंच हे. मग काय, सकाळी मोट धरायच्या आधी हे त्याला नाल्यापर्यंत पळवून आणायचे. दुपारी मी काठीला चिंधी बांधून खेळवायचे. वाटेनं जाणारं-येणारं माणूस थांबून त्याला डिवचायचं, काठी फेकायचं, टाळ्या वाजवायचं. तो डोळा मिटायला लागला की कुणीतरी म्हणायचं, "काऊन बे, निजला काय?" की लगेच उठून तयार. आणि जितका आम्ही त्याला दमवू, तितका तो संध्याकाळी जास्त पिसाळल्यागत करायचा. आमची अक्कल तिथं संपत होती, पण ते आम्हाला कळत नव्हतं.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. कांद्याचं रोप लावणीला आलं होतं. हिरवंगार, वीतभर. ते रोप म्हणजे आमचं पुढचं अख्खं वर्ष. एका संध्याकाळी आम्ही सगळे मेथी उपटण्यात गुंतलेले, आणि हे महाराज त्या वाफ्यात शिरले. गोल गोल धावले, उकरलं, लोळले, परत उकरलं. मी पोचले तेव्हा निम्मा वाफा मातीत मिसळलेला आणि हा त्यात उभा राहून आनंदानं माझ्याकडे बघत होता, नाकावर रोपाची एक काडी.

मामाजी आले. वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले. एक-दोन रोपं उचलून पाहिली, परत ठेवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. जरा वेळानं म्हणाले, "येत्या बाजारी याले देऊन टाकू. मलकापूरच्या जिनिंगवर कापूस नेनारा गाडीवाला कुत्रं मांगून राह्यला. तिथी साखळीले बांधतीन."

झालं. त्यांचं त्या दिवसाचं बोलणं संपलं. बाजाराला आठ दिवस होते.

मला रडू आलं नाही, राग आला. पिल्लाचा, स्वतःचा, सगळ्यांचा. त्या घरात माहेराहून आलेली जिवंत वस्तू म्हणजे ते पिल्लू. दिवसभरात माझ्याकडे पाहून आनंद होणारं दुसरं कुणी तिथं होतं, असं मला तेव्हा वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू? हे भले होते, पण मोटेवर. आत्याबाईंशी माझं बोलणं म्हणजे मीठ कुठं आहे आणि पाणी भरलं का. ते पिल्लू गेलं असतं तर मी त्या मळ्यात कुणासाठी हसले असते?

म्हणून मी ठरवलं, आठ दिवसांत याला सुधारायचा. आणि सुधारायचा म्हणजे कसा? आमच्याकडे एखादी गोऱ्ही, म्हणजे कालवड, फार उधळायला लागली, लोकांच्या पिकात शिरायला लागली, की तिच्या गळ्यात लोढणं बांधतात. लाकडाचा ओंडका. धावली की तो पुढच्या पायांवर आपटतो आणि जनावर आपोआप वळण घेतं. आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला जनावर म्हटलं की दावं आणि लोढणं एवढंच सुचतं. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी बाभळीचा एक तुकडा तासून, भोक पाडून, छान गुळगुळीत लोढणं करून दिलं. आत्याबाईंनीसुद्धा मान हलवली. पहिल्यांदाच माझी एखादी गोष्ट त्यांना पटली होती.

लोढणं बांधल्यावर पिल्लू तासभर जागचं हललं नाही. नुसतं मान खाली घालून उभं. मी म्हटलं, बघा! कशी जिरवली. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. मी पाणी आणायला विहिरीवर गेले.

परत आले तर पिल्लू नाही. हाका मारल्या, "काऊन बे, काऊन बे" करत गोठा पाहिला, वाफे पाहिले. तेवढ्यात बांधाकडून एक बाई येताना दिसली. पन्नाशीची असेल, काळी, उंच, हातात जाड वाळे. शेजारच्या पडीक वावरात दोन दिवसांपासून मेंढरं बसवली होती खतासाठी, त्या मेंढपाळांच्या बिऱ्हाडातली ती. तिच्या एका काखेत माझं पिल्लू होतं, आणि दुसऱ्या हातात लोढणं.

"हे कोनाचं शहानपन?" तिनं लोढणं माझ्यासमोर धरलं.

झालं होतं असं, की पिल्लू काट्याच्या कुंपणावरून पलीकडे गेलं, आणि लोढणं अलीकडेच अडकलं. ते गळ्याला फास लागून लोंबत होतं. तिच्या कुत्र्यानं भुंकून भुंकून तिला तिथं नेलं, म्हणून वाचलं. पिल्लाचे डोळे लाल झाले होते. मला पाहिल्यावर त्यानं शेपूट हलवलं. मी त्याच्या गळ्यात ओंडका बांधला, आणि त्यानं मला पाहून शेपूट हलवलं! तेव्हा मात्र मला रडू फुटलं. तिथंच, त्या अनोळखी बाईसमोर.

तिनं मला रडू दिलं. मग ओट्यावर बसली, पिल्लू मांडीवर घेतलं आणि विचारलं, "हे दिवसाचं किती निजते?"

किती निजते? मला सांगताच येईना. हे कुठं निजते? याच्या अंगात जोर फार, म्हणून तर दमवतो आम्ही त्याला. असं सगळं सांगितलं. ती हसायला लागली.

"पोट्टे, तान्हं लेकरू कायनं रडते? एक त भूक लागली, नाईतं झोप आली. संध्याकाई हे पागल होते ना, ते जोरानं नाई होत. झोपेनं होते. डोये मिटून राह्यले त्याचे, अन् तुमी त्याले पयवून राह्यले."

मला ते खरं वाटलं नाही. जोर आहे म्हणून धावतं, की दमलं म्हणून धावतं? उलटंच सांगते ही! पण तिचं ते काळं कुत्रं बांधावर पडलं होतं, मेंढरांकडे तोंड करून, दगडासारखं गप. तिनं जिभेनं नुसता आवाज केला की उठलं आणि भरकटलेली मेंढी वळवून आणून परत पडलं. ती म्हणाली, "हे बी लहानपनी असंच होतं. पिल्लू दिवसाचे चार घंटे जागं असलं त लय झालं. आमी चालतीवर असलो का पिल्लं डाल्यात घालतो, घोड्यावर. अंधार झाला का निजते."

मग तिनं आमचंच कोंबड्या झाकायचं डालं मागून घेतलं. ओट्यावर सावलीत गोणपाट अंथरलं, पिल्लाला वर ठेवलं, डालं पालथं घातलं आणि डाल्यावर तिच्या खांद्यावरचं घोंगडं टाकलं. पिल्लानं जो आकांत मांडला! मी उठले. तिनं माझा हात धरून खाली बसवलं. "हात नोको लावू. अन् भुकू बी नोको."

"मी भुंकते?" मला रागच आला.

"मंग काय करतं? काल सांजी मले तिथी वावरात ऐकू आलं. तू भुकून राह्यली, ते भुकून राह्यलं. त्याले वाटते, जोडीदार भेटला."

आत आत्याबाईंना ठसका लागला. हसू दाबलं होतं त्यांनी, मला कळलं.

एक भाकर थापून, भाजून होईपर्यंत पिल्लू रडलं. मग कुरकुरलं. मग एकदम गप्प. मी घोंगडं उचलून फटीतून पाहिलं, तर पाय पसरून, जीभ बाहेर, मेल्यासारखं निजलेलं. ते थेट उन्हं उतरल्यावर उठलं. आणि दिवेलागणीला मी वाकले, तेव्हा त्यानं येऊन माझा पाय हुंगला आणि बाजूला बसलं. नुसतं बसलं. मी तशीच वाकून राहिले, उठायचं धाडस होईना.

मेंढरं तिथं पाच-सहा दिवस होती. ती बाई रोज सकाळी एक चक्कर मारायची. तिनं मला काय काय सांगितलं ते अजून पाठ आहे. चावलं की ओरडायचं नाही, मारायचं नाही, हात मागे घेऊन खांबासारखं उभं राहायचं, म्हणजे त्याला चेव येत नाही. दात शिवशिवतात म्हणून ते कुरतडतं, तर अंबाडीच्या दोरीला जाड गाठी मारून ती द्यायची. मी हुशारीनं मामाजींची जुनी वहाण काढली होती त्याच्यासाठी, तर म्हणाली, "वा! मंग नवी बी खाईन. त्याले काय कयते, जुनी कोनती अन् नवी कोनती?" खेळवायचं तेही थोडं, आणि त्याचं मन भरायच्या आत थांबायचं. जेवल्यावर, खेळल्यावर, डालं. आणि निजलेल्याला कुणी "काऊन बे" म्हणायचं नाही.

या शेवटच्या गोष्टीवरून घरात वादळ झालं. आत्याबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वा रे वा! कुत्र्याले दुपारची झोप! या घरात सुनेले भेटली नाई कधी. मी तीस वर्षं दिवसा पाठ टेकली नाई, अन् याले गादी पायजे!" आणि ते खरंच होतं. आमच्याकडे दिवसा आडवी झालेली सून म्हणजे एक तर आजारी, नाही तर आळशी. मला कधी नव्हे ते सुचलं, की आत्याबाई कुत्र्याबद्दल बोलतच नाहीयेत.

मेंढरं उठली त्या सकाळी मी तिला पदरभर वांगी आणि मेथीच्या चार जुड्या दिल्या. ती घोंगडं विसरून चालली होती, मी आणून दिलं, तर म्हणाली, "राहू दे, त्याले सवय झाली." मी तिच्या पाया पडले. तिच्या उपकाराची परतफेड करायला मला दुसरी संधी मिळालीच नाही. पुढच्या वर्षी त्या वावरात दुसरीच मेंढरं आली.

पिल्लू सुधारलं होतं, पण मामाजींनी शब्द फिरवला नव्हता. विचारायची माझी छाती नव्हती. ह्यांनी एकदा विषय काढला, तर मामाजी नुसते "पाहू" म्हणाले. मामाजींच्या "पाहू"चा अर्थ त्या घरात कुणालाच लागत नसे.

बाजाराचा दिवस उजाडला. बाजार दुपारी भरायचा, त्यामुळे जेवणं उरकून गाडी निघायची. मी पहाटेच उठून मेथी उपटली, धुतली, जुड्या बांधल्या. वांगी तोडली. भाकरी केल्या, वाढल्या, भांडी घासली. पिल्लू जेवलं, मीच त्याला डाल्याखाली घातलं. म्हटलं, जाईपर्यंत निजू दे बिचारं. डाल्याला टेकून बसले. आतून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मी ठरवलं होतं, मामाजी आले की पदर पसरून एकदा सांगायचं, रोप मी पुन्हा टाकते, एकटीनं लावते, पण याला नेऊ नका. वाक्यं मनात जुळवत होते. आणि जुळवता जुळवता माझा डोळा लागला.

जाग आली ती पावलांनी. अर्धवट डोळा उघडला, तर मामाजी ओट्याखाली उभे, हातात रिकामं पोतं. मी भरदिवसा ओट्यावर लांब झालेली, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे. लाजेनं मेले मी. उठावं तर त्यांच्या नजरेसमोर उठणं त्याहून वाईट. मी डोळे गच्च मिटून घेतले.

"पोतं कायले आनलं?" आत्याबाईंचा आवाज. दबका. त्या बाईंना दबका आवाज आहे हे मला वर्षभरात माहीत नव्हतं.

"आज बाजार हाय ना."

"ते निजलं हाय."

"अन् सूनबाई?"

आता निघणार, आळशी, बिनवळणाची, आईनं काही शिकवलं नाही.

"ते बी निजली. तीन वाजतापासून उभी हाय पोट्टी. लेकरंच हायेत दोघं. उठवू नोका कोनाले."

मग मामाजी म्हणाले, "अन् कांद्याचं रोप?"

"रोप दुसऱ्यांदा टाकता येते," आत्याबाई म्हणाल्या. "द्या ते पोतं इकडे. तिच्या तोंडावर ऊन येऊन राह्यलं."

पोतं झटकल्याचा आवाज आला. वरच्या तारेवर ते टाकलं असावं, कारण डोळ्यांवरचा लाल उजेड विझला. मी डोळे मिटूनच पडून होते. पिल्लू राहिलं होतं. मीही. एक वर्ष मी त्या घरात पाहुण्यासारखी कामं करत होते, आणि माझ्या झोपेसाठी कुणी कुणाशी बोलेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ज्या बाईला तीस वर्षांत कुणी दुपारची पाठ टेकू दिली नाही, तिनं ती मला दिली. आजही दुपारी जेवून आडवी झाले की पहिल्यांदा तिला हात जोडते, मग डोळे मिटते. ती गेल्याला आता किती वर्षं झाली.

गाडी निघाल्याचं मला ऐकू यायला हवं होतं. आमचे बैल निघाले की घुंगरांचा आवाज पार गावापर्यंत जायचा. मी वाट पाहत राहिले, आवाज काही आला नाही, आणि वाट पाहता पाहता खरंच गाढ झोप लागली.

उठले तेव्हा उन्हं कलली होती. पिल्लू डाल्याखालून मान काढून माझी बोटं चाटत होतं. गोठ्यात पाहिलं तर बैल नव्हते, गाडी नव्हती. बैलांच्या दोन्ही घुंगरमाळा खुंटीला टांगलेल्या होत्या. मामाजींनी त्या सोडून ठेवल्या होत्या आणि मुक्या बैलांची गाडी बाजाराला घेऊन गेले होते.

मी त्या माळांसमोर उभी राहून हुंदके देऊन रडले. मागून आत्याबाई शेणाची पाटी घेऊन आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "रडून कायले राह्यली वं? झोप पुरी नाई झाली काय?"